‘कॅरी’ला मराठीत काय म्हणाल? एका पत्रकासाठी मदत हवी आहे

रानजाई

नमस्कार मंडळी,

एका इंग्रजी शब्दापाशी तीन आठवडे अडकून बसले आहे, म्हणून हा धागा. शब्द अगदी रोजचा आहे: कॅरी.

मी चंद्रपूर जिल्ह्यात एका छोट्या गटासोबत सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या तपासणी शिबिरांना जाते. लोकांना घरी न्यायला द्यायचं एक पत्रक इंग्रजीत आलंय, ते मराठीत करायचं काम माझ्याकडे आहे. पहिल्याच पानावर हा शब्द चार वेळा येतो आणि चारही वेळा वेगळा. आजाराचं जनुक तुम्ही ‘कॅरी’ करत असाल. तुम्ही ‘कॅरिंग’ असाल, म्हणजे गरोदर असाल, तर लवकर तपासून घ्या. दवाखान्यात येताना कार्ड ‘कॅरी’ करा. आणि वर ठळक मथळा: तुम्ही ‘कॅरिअर’ आहात का?

कार्डाचं सोपं आहे, ‘सोबत आणा’ म्हटलं की झालं. कॅरिंगला आपल्याकडे शब्दांचा तोटाच नाही: गरोदर, पोटुशी, दिवस गेलेत, दोन जिवांची. अडलंय ते जनुकापाशी आणि मथळ्यापाशी.

ज्यांचा सिकलसेलशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हिमोग्लोबिनमध्ये आईवडिलांकडून आलेला एक दोष असतो. तो दोघांकडूनही आला तर मूल ‘एस एस’ होतं. त्याच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पोराला अंग पिळवटून टाकणाऱ्या वेदना होतात. एकाकडूनच आला तर ‘ए एस’. अशा माणसाला सहसा काही त्रास नसतो. तो शेतात राबतो, लग्न करतो, म्हातारा होतो, त्याला पत्ताही नसतो. इंग्रजीत तो ‘कॅरिअर’. आपल्या सरकारी मराठीत ‘वाहक’.

मागच्या शिबिरात एक बाई आली होती, पंचविशीची असेल. मुलगा कडेवर. मुलाचा रिपोर्ट एस एस आला होता, तिचा ए एस. मी पाठ केल्यासारखं सांगितलं, “ताई, तुम्ही वाहक आहात.” तिनं मुलाला कडेवरून खाली ठेवलं. आणि मग विचारलं, “माह्यापासून लागलं का जी त्याले?”

मी नाही नाही म्हणत राहिले, शेजारी बसवून समजावलं. पण तिनं पोराला खाली ठेवलं ते माझ्या डोळ्यापुढून जात नाही. ‘वाहक’ या शब्दानंच तिला वाटलं की आपण जवळ घेतलं तर पोराला आणखी लागेल. हा शब्द मी पुन्हा तसाच छापायला तयार नाही. दुसरा कुठला सुचतो का? आणि हा कॅरी शब्द इतका पसरलाच कसा, हेही कुणी सांगितलं तर मला आवडेल.

---

अपरांत

फार महत्त्वाचा प्रश्न काढलात. आधी शब्दाचं कूळ सांगतो, कदाचित त्यातूनच वाट सापडेल.

कॅरी हा इंग्रजीचा मूळचा शब्द नव्हे. आजच्या फ्रान्सच्या भागात राहणाऱ्या प्राचीन गॉल लोकांच्या गाडीला रोमनांनी ‘कार्रुस’ म्हटलं. त्यावरून नॉर्मंडीकडच्या फ्रेंचमध्ये ‘गाडीत घालून नेणे’ अशा अर्थाचं क्रियापद तयार झालं आणि चौदाव्या शतकाच्या सुमारास ते इंग्रजीत रुळलं. म्हणजे कॅरीच्या मुळाशी चाक आहे. कार त्याच घरातली, कार्गो आणि चार्जही तिथलेच. गंमत म्हणजे करिअरसुद्धा. त्याचा जुना अर्थ गाड्याघोड्यांची वाट, शर्यतीचा मार्ग. आपण सायकलच्या मागच्या जाळीला कॅरिअर म्हणतो आणि मुलाच्या भवितव्याला करिअर, तेव्हा एकाच गाडीची दोन नातवंडं बोलत असतात.

हा शब्द येण्याआधी इंग्रजीत वाहून नेण्याचं बरंचसं काम ‘बेअर’कडे होतं. तो आपला सख्खा नातलग. संस्कृतातला भृ धातू आणि तो एकच. आपल्याकडे त्यातून भार, भारा, भर्ता आले, त्यांच्याकडे बेअर आणि बर्डन. मूल जन्माला घालणं आणि दुःख सोसणं, दोन्हींना इंग्रजीत आजही बेअरच म्हणतात. बर्थही तिथलाच. सामान उचलण्याचं रोजचं काम मात्र पुढे कॅरीनं घेतलं.

आणि आपलं ‘वाहणे’? ते वह् धातूचं. इंग्रजीतली वॅगन आणि लॅटिनवरून आलेलं व्हेइकल, दोन्ही त्याची भावंडं. विवाहही त्यातलाच, वधूला घेऊन जाणं.

गर्भ आणि ओझं यांना एकच शब्द लावणं ही फक्त इंग्रजीची रीत नाही. अरबीत ओझं उचलणारा तो हमाल आणि गरोदर बाई ती हामिला, धातू एकच.

---

पाटीपेन्सिल

मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलं. कॅरी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे एकच शब्द येतो: हातचा.

सत्तावीस अधिक पंधरा. सात नि पाच बारा, बाराचे दोन खाली, हातचा एक. इंग्रजी माध्यमाच्या मुलाला ‘कॅरी वन’ म्हणताना तो एक कुठून तरी कुठे तरी न्यावा लागतो. आमच्या मुलाच्या तो हातातच असतो. पहिलीतली मुलं खरोखर एक बोट मिटून धरायची आणि पुढची दशकाची बेरीज झाली की ते बोट उघडायची. मी कधीच कुणाला तसं करायला सांगितलं नाही, शब्दच त्यांना ते शिकवायचा.

रानजाईताई, तुमचं पत्रक वाचताना मला वाटलं, ए एस म्हणजे हातचाच की. उत्तरात दिसत नाही, पण हातात आहे आणि पुढच्या घरात मिळवला जाणार आहे. समोरच्याच्याही हातात एक असेल तर उत्तर बदलतं. गावातल्या कुणालाही असं समजावता येईल.

---

टेक्सासकर

कॅरीच्या पसाऱ्याबद्दल थोडं. डॅलसमध्ये नवीन आलो तेव्हा किराणा दुकानात हिंग मिळेना. तिथली बाई म्हणाली, “वुई डोन्ट कॅरी इट.” दुकानानं माल कॅरी करायचा, म्हणजे विक्रीला ठेवायचा, हे मला नवीन होतं. आपण नाही का म्हणत, ‘आम्ही तो माल ठेवत नाही’?

त्याच आठवड्यात सहकाऱ्यानं गप्पांत विचारलं, “डू यू कॅरी?” पुढे कर्मच नाही. मी विचारात पडलो, काय कॅरी? तो पिस्तुलाबद्दल विचारत होता. इथे नुसतं कॅरी म्हटलं तरी कमरेचं हत्यार समजलं जातं. दिसेल असं लावलं तर ओपन कॅरी, कपड्यांखाली असेल तर कन्सील्ड. दुकानांच्या दारांवर त्यासंबंधीच्या पाट्या असतात. पहिल्यांदा पाटी वाचली तेव्हा मुलीचा हात घट्ट धरला होता, आजही त्या दारातून जाताना धरतो.

तिसरा अर्थ मला फार आवडला. अलाबामाकडच्या एका वृद्ध शेजारीणबाईंना मी दवाखान्यात सोडायचो, तर त्या सगळ्यांना सांगायच्या, “ही कॅरीज मी टु द डॉक्टर.” दक्षिणेतल्या जुन्या बोलीत कॅरी म्हणजे सोबत करून पोचवणं. उचलणं नव्हे, सोबत. मला आपलं ‘पोचवणं’ आठवलं, सासरी पोचवायला जातात तसं.

---

कट्टा८३

क्रिकेटवाल्यांचा कॅरी राहिला. झेल कॅरी झाला का, म्हणजे टप्पा न पडता हातापर्यंत पोचला का. आणि बॅट कॅरी करणं, सलामीला येऊन सगळा संघ बाद होईपर्यंत नाबाद राहणं. कसोटीत भारताकडून हे पहिल्यांदा केलं आपल्या गावसकरांनी. फैसलाबाद, जानेवारी १९८३, संघ २८६ सर्वबाद आणि गावसकर नाबाद १२७. माझे वडील रेडिओला कान लावून बसले होते. त्या दिवसाबद्दल ते नेहमी म्हणायचे, “एकट्यानं ओढलं रे.” मराठीत त्या डावाला ओढणंच म्हणावं लागतं, वाहून नेणं म्हटलं तर जोर येत नाही. पुढे सेहवागनं श्रीलंकेतल्या गॉलला २००८ मध्ये, द्रविडनं ओव्हलवर २०११ मध्ये आणि पुजारानं कोलंबोत २०१५ मध्ये बॅट कॅरी केली.

---

चुंबळ

मी माण तालुक्यातला. आमच्याकडं वाहण्याला एक शब्द कधीच पुरला नाही, कारण आधी विचारतात कशावर? लेकरू कडेवर असतं. मोठं झालं की पाठुंगळी. जत्रेत खांद्यावर. हंडा डोक्यावर, खाली चुंबळ, आणि दुसरी कळशी कमरेवर. बोचकं काखोटीला. सुपारी कनवटीला. बाजारातनं आणलेला खाऊ आई पदरात बांधून आणायची. यातल्या कुठल्याबी ठिकाणी इंग्रज कॅरीच म्हणंल, आणि ते लेकरू होतं का बोचकं हे पुढच्या शब्दावरनं ओळखायचं.

चैत्रात शिखर शिंगणापूरला कावडी येतात. मुंगी घाटातनं उभ्या कड्यानं कावड वर चढवतात. वरच्यानं खालच्याला हात द्यायचा, खालच्यानं वरच्याला खांदा. कावड एकाची नसतीच. दुरून बघणाऱ्याला वाटतं कावड आपली आपण चढतीया.

हमालांचंबी सांगतो, माझा चुलता मुंबईत माथाडी होता. माथ्यावर वाहतो तो माथाडी. १९६९ चा कायदा झाला त्याच्या नावातच माथाडी आणि हमाल हे दोन्ही शब्द आहेत. चुलत्याच्या माथ्यावर मधोमध केस विरळ झालेले होते, गोणीची जागा.

---

दलाल स्ट्रीट जुना

शेअर बाजारातला कॅरी फॉरवर्ड म्हणजे आपला ‘बदला’. सौदा आज पुरा करायचा नाही, व्याज भरून पुढच्या हिशेबात न्यायचा. माल कमी पडला की व्याज उलटं मिळायचं, तो उंधा बदला. २००१ च्या जुलैपासून तो बंद झाला. इंग्रजी कागदांवर कॅरी फॉरवर्ड लिहायचो, पण रिंगणात तो शब्द मी कुणाच्या तोंडी ऐकला नाही.

---

पीएचसी सिस्टर

मी गडचिरोलीत नोकरी केली आहे, आता निवृत्त. रानजाई, त्या बाईनं लेकराला खाली ठेवलं हे वाचून मी थांबले. माझ्यासमोरही असं घडलंय, एकदा नाही.

‘वाहक’ का लागतो ते सांगते. आम्हीच गावात शिकवतो की डास हा हिवतापाचा वाहक आहे. भिंतीवर चित्र काढून शिकवतो. त्याच तोंडानं बाईला सांगतो, तू वाहक आहेस. ती आणखी काय समजणार? इंग्रजीतही हा घोळ आहेच. न्यूयॉर्कच्या मेरी मॅलन या स्वयंपाकिणीला स्वतःला विषमज्वराचा काही त्रास नव्हता, पण तिच्या हातचं खाऊन लोक आजारी पडत. १९०७ मध्ये ते शोधून काढलं आणि तिला बेटावर वेगळं ठेवलं. मधली काही वर्षं सोडली तर १९३८ मध्ये मरेपर्यंत ती तिथेच होती. तीही कॅरिअर. आणि आपली ए एस बाईही कॅरिअर. एकीकडून आजार पसरतो, दुसरीकडून कुणालाच काही लागत नाही. स्पर्शानं नाही, दुधानं नाही, एका ताटात जेवल्यानं नाही. शब्द मात्र एक.

आणखी एक, जे मी प्रत्येक घरात सांगायची. ए एस असलेल्याला हिवताप झाला तर तो जिवावर बेतण्याची शक्यता कमी असते. म्हणून तर हिवतापाच्या मुलखात हे पिढ्यान्‌पिढ्या टिकलं. तुमच्या आजे-पणज्यांना यानं जंगलात तारलंय, असं सांगितलं की मान खाली घातलेली बाई वर बघते. हे पत्रकात नक्की घाला.

---

सोनचाफा

माझं मत वेगळं आहे. ‘वाहक’ काढू नये. सरकारी कार्डावर वाहक आणि ग्रस्त हेच शब्द आहेत. पत्रकात दुसरा शब्द आणि कार्डावर वाहक, तर माणूस गोंधळेल, दवाखान्यात काय सांगावं ते कळणार नाही. २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू आहे, २०४७ पर्यंतचं ध्येय आहे. इतक्या लोकांच्या तोंडी जाणारा शब्द एका जिल्ह्यानं बदलून चालेल का? समजावण्याची पद्धत बदला, शब्द राहू द्या.

---

रानजाई

सोनचाफा, तुमचा मुद्दा पटतो. कार्डावरचा शब्द माणसाला ओळखता आलाच पाहिजे. पण मथळ्यात तो नको, एवढा माझा हट्ट आहे. पाटीपेन्सिल सर, हातचा वाचून मी उठून उभी राहिले. काल आमच्या दोन आशाताईंना सांगून पाहिलं. एकीनं लगेच बोट मिटून दाखवलं.

---

अपरांत

सिस्टरांचं वाचून माझ्या मनात काही स्पष्ट झालं, ते मांडतो.

दोष ‘वाहणे’ या क्रियापदाचा नाही. मराठीत ते किती प्रेमाचं आहे बघा. देवाला फूल वाहतो, बेल वाहतो, कुणाची तरी काळजी वाहतो. आयुर्विमा महामंडळानं गीतेतून घेतलेल्या ‘योगक्षेमं वहाम्यहम्’ या ओळीतही भार वाहण्याचंच वचन आहे. अडचण येते ती त्या क्रियापदाचा माणूस बनवल्यावर. कॅरी करणारा तो कॅरिअर, वाहणारा तो वाहक. इंग्रजीत माणसाला असा कर्ता करून बसवण्याची सवय आहे: तुम्ही जनुक कॅरी करता, तुम्ही कॅरिअर आहात. जणू बाईनं ते आपण होऊन उचललं आणि लेकराच्या अंगावर नेऊन टाकलं.

मराठीची चाल अशी नाही. मी ताप ‘करत’ नाही, मला ताप येतो. मला राग येतो, मला झोप लागते, बाईला दिवस जातात. जे आपल्या हातात नाही ते आपल्याकडे येतं, आपल्यात असतं. ‘बॅग कॅरी कर’ याचं ‘पिशवी घे’ होतं, कारण पिशवी घेणं हातात आहे. रक्तातलं हातात नाही. तेव्हा दुसरं नाम शोधूच नका. ‘तुम्ही वाहक आहात’ ऐवजी ‘तुमच्या रक्तात सिकलसेलचा एक हातचा आहे’ असं म्हणा. माणूस माणूस राहतो आणि ती गोष्ट त्याच्या आत असते, एवढंच.

---

पाटीपेन्सिल

अपरांत, बरोबर. फक्त एक सावध करतो. मुलं हातचा विसरतात तेव्हा उत्तर चुकतं. तेव्हा पत्रकात ‘हातचा लक्षात ठेवा’ असं जरूर लिहा, लग्न ठरवताना तेच तर लक्षात ठेवायचं आहे.

---

रानजाई

सगळ्यांचं घेऊन काल रात्री पहिलं पान पुन्हा लिहिलं. असं झालंय:

“तुमच्या रक्तात सिकलसेलचा एक हातचा आहे का? तपासून घ्या. हातचा एक असेल तर तुम्हाला हा आजार नाही, आणि तुमच्यापासून कुणालाही लागत नाही. लेकराला जवळ घ्या, दूध पाजा, एका ताटात जेवा. हा हातचा तुम्हाला तुमच्या आईकडून किंवा वडिलांकडून आला आहे, त्यांना त्यांच्या आईवडिलांकडून. हिवतापाच्या दिवसांत त्यानं अनेकांचे जीव वाचवले आहेत. तुमच्या कार्डावर ‘वाहक’ किंवा ‘ए एस’ असं लिहिलेलं असेल, त्याचा अर्थ एवढाच. नवरा-बायको दोघांकडेही हातचा एक असेल, तर प्रत्येक बाळंतपणात बाळ एस एस होण्याची शक्यता चारांत एक असते. गरोदर असाल तर पहिल्याच महिन्यांत दवाखान्यात या. येताना कार्ड सोबत आणा.”

चुका सांगा. छापायला पुढच्या सोमवारी जायचंय.

---

चुंबळ

लेकराला जवळ घ्या ह्याच्याऐवजी लेकराला कडेवर घ्या असं लिवा.

---

पीएचसी सिस्टर

छान झालंय. दोन गोष्टी. ‘चारांत एक’ वाचून लोक समजतात की एक पोर आजारी झालं म्हणजे पुढची तीन सुटली. मी स्वतः अशी घरं पाहिलीत, तिसऱ्या बाळंतपणाला बाई निर्धास्त होती आणि तेही बाळ एस एस निघालं. म्हणून पुढे लिहा: ‘प्रत्येक वेळी नव्यानं चारांत एक’.

दुसरं, त्या बाईच्या नवऱ्याचं. पोर एस एस आहे म्हणजे त्याच्याकडेही बहुतेक हातचा आहेच, पण तो तपासणीला आलाच नसणार. बहुतेक ठिकाणी बाईचीच तपासणी होते, कारण ती बाळंतपणाला येते, आणि मग घरात सगळं तिच्याच नावावर चढतं. पहिल्या ओळीतच ‘दोघांनीही’ घाला. ‘दोघांनीही तपासून घ्या.’

---

रानजाई

दोन्ही घातलं. कडेवरही घातलं. तिचा नवरा खरंच आला नव्हता. परवा त्याच गावी चालले आहे, कच्चं पान सोबत नेते आणि दोघांना एकत्र बसवून वाचून दाखवते. काय म्हणतात ते इथे लिहीन.